दाजीबांच्या समाधीची माती

बेंगळूरहून येताना लोक म्हैसूरपाक आणतात, चंदनाचे साबण आणतात. आमच्या गल्लीतल्या एकीनं तर कॉफी गाळायचं पितळी भांडं आणलं आणि वर्षभर सगळ्यांना दाखवलं. मी मात्र मूठभर माती आणायला गेले होते. पिशवी रिकामी घेऊन परत फिरायचं नाही, असं एसटी स्टँडवरच ठरवलं होतं.

माती कशाची, ते आधी सांगते. आमचं गाव इचलकरंजीजवळ. माझं शिलाईचं दुकान आहे, ब्लाउज आणि परकर-पोलकी शिवते. आमच्या सासरी एक महाराज होऊन गेले, दाजीबा महाराज. माझ्या मालकांच्या आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ. कोवळ्या वयात घर सोडून गेले, लग्न केलं नाही, संसार केला नाही आणि बेंगळुरात समाधी घेतली. एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. फोटो नाही, म्हणून देव्हाऱ्यात त्यांच्या नावानं चंदनी पादुका आणि सणावाराला त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य. त्यांच्यामुळं आमच्या घरात मटण शिजत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राहून घरात मटण नाही, म्हणजे काय हाल असतात ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल! पुरुष मंडळी ढाब्यावर जायची आणि आम्ही बायका माहेरी गेल्यावर हात धुऊन घ्यायचो.

पुढं मी माहेरीही खायचं सोडलं. माझा एकुलता एक सुहास दहावीत असताना तापानं फणफणला. ताप मेंदूत गेला म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर बसून मी पादुकांना हात जोडले, "महाराज, पोरगं परत द्या, जन्मात मटणाला शिवणार नाही." पोरगं परत मिळालं. तेव्हापासून मी शिवलेलं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, सुहासलाही नाही. वास सहन होत नाही म्हणायची, संपलं.

आता माझे धाकटे दीर, बाळू भावजी, यांनी महाराजांचं देऊळ बांधायचं काढलं. दसऱ्याला पायाभरणी. पायात घालायला समाधीची माती पाहिजे. कुणाला पाठवावं यावर घरात खल चालला होता. मी म्हणाले, "कुणाला कशाला? माझा सुहास तिथंच नोकरीला आहे. मीच जाते." मालक जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून माझं म्हणणं घरात सहसा कुणी मोडत नाही. आणि महाराजांनी मला पोरगं दिलं होतं. त्यांच्यासाठी मी पायी गेले असते.

सर्जापूर रोड

सुहासचं घर इतकं उंचावर की खाली बघताना मी खिडकीची चौकट घट्ट धरायची. समोर तसलीच इमारत, तिच्यामागं तसलीच आणखी एक. सगळ्या खिडक्यांत सगळी तरुण पोरं कानाला काहीतरी लावून एकटीच बोलत बसलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं ही सगळी भांडतायत. सुहास म्हणाला, "आई, मीटिंग चालू असते ती."

त्याला समाधीचं सांगितल्यावर त्यानं मोबाईल काढला. थोडा वेळ बोटं फिरवली आणि म्हणाला, "आई, गूगलवर असली काही समाधी नाहीये."

"तुझ्या गूगलच्या आधीची आहे ती," मी म्हणाले.

तो ऑफिसच्या कामाला बसला की मी बाहेर पडायची. तोडकंमोडकं हिंदी येतं, वर तोंड आहे. रिक्षात बसले तर रिक्षावाल्यानं विचारलं, "अम्मा, अवसरा?" मला वाटलं, भला माणूस, काही खास प्रसंग आहे का विचारतोय. आमच्या जुन्या मराठीत अवसर म्हणजे योग, वेळ येणं. मी मोठ्या उत्साहानं मान हलवली, "हो हो, अवसर! मोठा अवसर!" बाप रे! त्यानं रिक्षा अशी हाणली की माझा पदर एकीकडं, पिशवी एकीकडं. दोन गल्ल्या उलट्या दिशेनं घातल्या, एका बसवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. मी जीव मुठीत धरून रामराम म्हणत बसले. संध्याकाळी सुहासला सांगितलं तर तो हसून हसून सोफ्यावर लोळला. कानडीत अवसर म्हणजे घाई.

"इथले शब्द आपलेच वाटतात," तो म्हणाला, "पण आपले नसतात. सांभाळून राहा."

मी कशाला सांभाळते? दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमला गेले. देवळं पालथी घातली, मठात विचारलं, फुलवाल्यांना विचारलं, "दाजीबा महाराज की समाधी किधर है?" सगळे उलट मलाच विचारायचे, कुणाची समाधी? कुठल्या भागातली? एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अम्मा, इस शहर में हजारों समाधी है!"

हजारो! मी तिथंच हात जोडले. आपल्याकडं एका समाधीसाठी लोक दिवसभर रांगा लावतात आणि इथं हजारो? केवढं पुण्यवान शहर म्हणायचं हे! आणि तरी रस्त्यावर एवढी धूळ. मी त्या रात्री सासूबाईंना फोनवर सांगितलं, "अत्ती, सगळं गावच संतांचं आहे बघा." त्यांनी तिकडून हात जोडले असणार.

बसवनगुडी

तिसऱ्या दिवशी बसवनगुडीत नशीब उघडलं. तेही हॉटेलात. देवळातून पाय दुखत बाहेर पडले आणि समोरच्या हॉटेलात शिरले. तिथं ओळख असो नसो, एका टेबलावर चौघं बसतात. इडली झकास, खोबऱ्याची चटणी झकास, पण सांबारात गूळ! आमटीत गूळ घालणारी माणसं मी पुण्याची समजत होते. मी पिशवीतून आपल्या कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली आणि चिमूटभर भुरभुरली. समोर पांढरा शर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. ते बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी कोल्हापूरकडचे की काय?"

परमुलखात मराठी ऐकलं की कसं होतं, ते काय सांगू. मी डबी त्यांच्याकडं सरकवली. ते म्हणाले, "स्वल्प द्या, स्वल्प. आता सोसत नाही." त्यांचे पूर्वज म्हणे राजांच्या फौजेबरोबर आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी. त्यांच्या मराठीत 'सरी' म्हणजे बरं, 'स्वल्प' म्हणजे थोडं, असं काय काय मिसळलेलं होतं, पण ऐकायला गोड.

मी विचारलं, "दाजीबा महाराजांची समाधी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"महाराज?" ते विचारात पडले. "दाजीबा... आमच्या पेटेतल्या गरडीचे दाजी वस्ताद की काय? इचलकरंजीकडून आलेले?"

गरडी म्हणजे तालीम, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं असतील, महाराजांचं काय, कुठंही बसून उपदेश करत असतील. मी विचारलं, "समाधी आहे ना त्यांची?"

"आहे नं! जुन्या रुद्रभूमीत. मोठमोठी मंडळी आहेत तिकडं. परवा महालय अमावास्या, लोक पूजेला जातात. त्यांची नात येते दर वर्षी, तुळजाक्का. तिलाच भेटा."

नात? मी घास घेता घेता थांबले. ब्रह्मचारी माणसाला नात कुठली? मग मीच मनाची समजूत घातली, भक्ताची नात असेल, मानलेली. आणि रुद्रभूमी! नाव ऐकूनच अंगावर काटा आला. शंकराचं स्थान, अमावास्येची पूजा, मोठमोठी मंडळी. मला आणखी काय पाहिजे होतं? मी त्या गृहस्थांना मसाल्याची डबीच देऊन टाकली.

रुद्रभूमी

सर्वपित्री अमावास्येला सुहासनं सुट्टी घेतली. मी नवी इरकल नेसले, ओटीचं सामान घेतलं, पेढे घेतले आणि मातीसाठी लाल फडकं घेतलं. गेटजवळ शेवंतीच्या आणि झेंडूच्या राशी होत्या. माणसंच माणसं, हातात केळीची पानं आणि स्टीलचे डबे. मी चपला काढून हातात घेतल्या. सुहास वर कमानीवरची अक्षरं बघत उभा होता. त्याला आता कानडी थोडं वाचता येतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "रुद्रभूमी म्हणजे स्मशान. इथं पुरतात."

"समाधी स्मशानातही असते. शंकर कुठं राहतो?" मी म्हणाले आणि आत शिरले.

आत मोठी मोठी झाडं आणि त्यांच्या खाली ओळीनं दगड. काही साधे, काही घडीव. एकावर पेटी कोरलेली, नाटक मंडळीचा पेटीवाला होता म्हणे. एका बाईच्या दगडावर वीणा. एक डॉक्टर होते, त्यांच्या दगडाला अजूनही लोक हात लावून कपाळाला लावत होते, कारण प्लेगच्या दिवसांत ते घरोघर फिरले, असं तिथल्या एकानं सुहासला सांगितलं. एक शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या दगडावर त्यांची लेक स्टीलच्या पेल्यातली कॉफी ठेवत होती, आणि आधी बोट बुडवून गरम आहे का बघत होती. ज्याला जे आवडायचं ते त्याच्यापुढं. आपल्याकडं पित्राला खीर-वडे सगळ्यांना सारखेच. इथं एकाच्या पुढं विड्याचं बंडल, एकाच्या पुढं चक्क कोंबडीचं कालवण. मी नाकाला पदर लावला आणि लोकांची रीत म्हणून पुढं चालत राहिले.

एका पानापुढं बसलेल्या बाईला मी विचारलं, "समाधी? दाजीबा समाधी?" तिला नाव कळलं नाही, शब्द कळला. तिनं हसून आपल्या समोरच्या दगडाकडं बोट केलं, "इदु नम्म अत्ते समाधी." मग शेजारच्याकडं, "अदु माव समाधी."

अत्ते म्हणजे सासू. माव म्हणजे सासरा. एवढं मला सुहासनं सांगायची गरज नव्हती.

मी उभी राहिले ती उभीच राहिले. तिच्या सासूची समाधी. सासऱ्याची समाधी. हेडमास्तरांची समाधी, पेटीवाल्याची समाधी. हजारो समाध्या. अरे देवा! इथं मेलेला प्रत्येक माणूस समाधीत असतो. समाधी म्हणजे थडगं!

सुहासनं माझा दंड धरला. "आई, बस जरा."

"नाही बसत," मी म्हणाले. "आलेय तर बघूनच जाणार."

तेवढ्यात पलीकडून शिट्टीसारखा आवाज आला, "कोण ते, दाजीबांचं नाव घेतंय?" एक उंच बाई, पांढरे केस कापलेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात झाडू. ही तुळजाक्का. शाळेत खेळाच्या बाई होत्या, सगळी उमर मैदानात ओरडण्यात गेली, म्हणून आवाज तसा. त्यांच्यामागं एक काळा दगड, त्यावर गदा कोरलेली. दगडापुढं केळीच्या पानावर मटणाचं सारू, नाचणीचा वाफाळता उंडा, उकडलेली अंडी आणि एका कडेला विडी.

मी सांगितलं मी कोण. दाजीबांच्या थोरल्या भावाची नातसून. अक्कांनी झाडू टाकला आणि मला पोटाशी धरलं. "अय्यो! गावाकडून! आमच्या बाबांनी लई वाट बघितली हो, कोणीतरी येईल म्हणून."

"बाबा म्हणजे?"

"दाजीबांचा मुलगा. मी नात त्यांची. आजीच्या माहेरी पुरायची चाल, म्हणून आजोबांना इथं ठेवलं. बाजूला आजी, बघा, गौरक्का."

बाजूला खरंच दुसरा दगड होता. त्यावर हळदीकुंकू.

मी त्यांना आमच्याकडचं सगळं सांगितलं. पादुका, गावातल्यांचे नवस, पुरणपोळ्या, देऊळ. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग त्या गदेच्या दगडाला टेकून एवढ्या हसल्या की आजूबाजूचे बघायला लागले. म्हणाल्या, "म्हणजे त्या पैलवानाचं खरं होतं!" आजोबा गेल्यावर त्यांचा एक शिष्य कुस्तीसाठी कोल्हापूरला गेला होता. मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या घरी गेला. त्याला मराठी यथातथाच. त्यानं सांगितलं, आमच्या गुरूंची समाधी बांधली आहे, दर अमावास्येला पूजा करतो. झालं! घरातले सगळे त्याच्या पाया पडले. नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली. परत येऊन तो म्हणायचा, मराठे लोक पैलवानाला लई मान देतात.

गुरू, समाधी, पूजा. तीन शब्द आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मटण सोडलं!

मला हसू आलं नाही. राग आला, भीती वाटली. कुणाचा राग तेही कळेना. मी म्हणाले, "ते राहू द्या. मला माती पाहिजे. दसऱ्याला पाया आहे."

अक्कांचं हसणं थांबलं. "देवळाला?"

"हो."

"मग नाही मिळायची," त्या म्हणाल्या. "घरच्याला देते. भक्ताला देत नाही. आजोबांनी उभ्या जन्मात पाया पडून घेतलं नाही कुणाकडून. उद्या तुमी त्यांना कुलपात ठेवणार, सोवळ्यात ठेवणार. त्यांना विडीशिवाय झोप येत नव्हती हो."

"मी घरचीच आहे!"

"सरी," त्या खाली बसल्या आणि दाजीबांच्या पुढचं पान उचलून माझ्यापुढं ठेवलं. "हे एडे. त्यांच्यापुढचं पान. हे बाहेरचं कोणी खात नाही, फक्त घरचं खातं. खा. मग पाहिजे तेवढी माती घ्या."

मी पानाकडं बघितलं. लालभडक सारू, वर कोथिंबीर. मी ताडकन उठले. "नवस आहे माझा! मटण सोडलंय मी!"

"कुणाचा नवस?"

"ह्यांचाच!" मी गदेकडं हात केला. आणि मग तोंडाला आवरच राहिला नाही. दवाखाना, ताप, ते बाक, डॉक्टरांनी काहीच सांगता येत नाही म्हटलं ती रात्र, सगळं बाहेर पडलं. "माझं पोरगं मरायला टेकलं होतं! मी ह्यांना मागितलं आणि मिळालं. आता तुम्ही म्हणता हे महाराज नाहीत, पैलवान आहेत. मग माझं ऐकलं कुणी? आणि आता मी खाल्लं आणि ह्याला काही झालं, तर?"

मागं सुहास उभा होता. मी त्याला विसरलेच होते. त्याचा चेहरा पडला होता. "तू मला वास सहन होत नाही म्हणालीस," तो म्हणाला. "मी हॉस्टेलमध्ये ताटंच्या ताटं चिकन खायचो आणि तुला फोन करून सांगायचो. आई, तू माझ्यासाठी..." एवढा घोडा झालाय, पण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मीही रडले. अक्कांनी पानावरची माशी वारली.

डोळे पुसून मी विचारलं, "नवस मोडला तर चिडतील का हो?"

"मला काय ठाऊक?" अक्का म्हणाल्या. "माझे आजोबा होते, देव नव्हते. एवढं ठाऊक आहे, की गरडीत आलेल्याला आधी जेवायला घालत. कुस्ती मागनं. कोणी जेवत नाही म्हटलं की चिडत."

मी त्या दगडाकडं बघितलं. महाराज म्हणून खूप वर्षं बघितलं होतं. आज आजेसासरे म्हणून बघायला लागले. पदर डोक्यावरून घेतला. मनात म्हणाले, मामंजी, त्या रात्री मी हाका मारल्या त्या तुमच्यापर्यंत आल्या असतील, तर देव म्हणून नाही, घरचे म्हणून आल्या असतील. परक्याचं पोरगं नव्हतं ते, तुमच्याच भावाचं रक्त होतं. आणि घरच्या वडीलधाऱ्यानं ताट पुढं केल्यावर नको म्हणणारी सून मी नाही. काय असेल ते माझ्यावर. पोराला हात लावायचा नाही.

आणि मी बसले. पहिला घास उचलला. मी पूर्ण वेळ सुहासकडं बघत होते, काही होतंय का म्हणून. घास तोंडात गेला आणि, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं ते भीतीनं का चवीनं, कळलं नाही. नाचणीचा उंडा मी भाकरीसारखा चावायला लागले तर अक्का ओरडल्या, "चावू नका, गिळा!" चौथ्या-पाचव्या घासाला जमलं. सुहासही माझ्या शेजारी बसला आणि माझ्याच पानात जेवला.

मग अक्कांनी स्वतःच्या हातानं दगडाच्या कडेची माती उकरली. दाजीबांची घेतली आणि गौरक्काचीही घेतली. माझ्या लाल फडक्यात दोन्ही एकत्र बांधली. "पायात घालायची नाही हं," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला.

परत घरी

परत आले तेव्हा नवरात्र बसलं होतं. बाळू भावजी स्टँडवरच आले होते. "आणली का वहिनी?" मी म्हणाले, आणली, पण आधी घरी चला. सोप्यात सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांची नजर आता अधू आहे, पण कान तिखट. मी काही लपवलं नाही. समाधी म्हणजे काय ते सांगितलं, गदा सांगितली, विडी सांगितली, गौरक्का सांगितली, आणि मी मटण खाल्लं तेही सांगितलं.

भावजी भडकले. "वहिनी, तोंड सांभाळून! पत्रिका छापल्यात मी. गावातली माणसं नवस बोलतात महाराजांना. त्यांना काय सांगू, आमचा महाराज विड्या ओढत होता?"

"सांगा की," मी म्हणाले. "आजोबांना नवस बोलू नये असं कुठं आहे? मी बोलले, मला पावले. पण देव करून कुलूप घालायला माती देणार नाही. मी शब्द दिलाय."

"मग दसऱ्याला पायात काय घालू?"

"तुमचा पाया, तुम्ही बघा."

ते आईकडं वळले. "आई, तू तरी सांग हिला काहीतरी."

सासूबाईंनी मलाच विचारलं, "सुमन, तिथं तो जेवत होता का गं पोटभर?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणाले, "जेवत होते म्हणजे काय अत्ती, तालमीतल्या पोरांना आधी घालायचे, मग कुस्ती."

म्हातारीनं डोळे मिटले. मग जे सांगितलं ते इतक्या वर्षांत आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. त्या नव्या नवरी होऊन या घरात आल्या तेव्हा दाजीबांची आई जिवंत होती. दाजीबा लहान असताना मागाचं काम सोडून तालमीत पळाले, म्हणून बापानं भरल्या ताटावरून उठवलं होतं. पोरगं उठलं ते दारातून गेलं. त्यानंतर ती माउली रात्रीची कधी जेवली नाही. माझं पोरगं अर्ध्या ताटावरून गेलंय, ते जेवल्याशिवाय मी कशी जेवू, म्हणायची. मग तो पैलवान आला आणि समाधी म्हणाला.

"आमाला कळलं नव्हतं व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आजेसासऱ्यांना कानडी येत होतं चांगलं. पैलवान गेल्यावर मागच्या दारी जाऊन रडले. पर म्हातारी म्हणाली, माझं पोरगं साधू झालं, साधूला भूक नसती. आणि तवापासनं रडायची थांबली. मग कोण सांगणार तिला? सगळे गप्प बसलो. मीबी. पुढं पादुका आल्या, पोळ्या आल्या. सांगायचं राहूनच गेलं."

भावजी खाली बसले.

दसऱ्याला पाया खोदला नाही. भावजींनी लोकांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. नवरात्र उठल्यावर सासूबाईंनी भावजींना हाक मारली, "बाळू, मटण आण." मी लग्न होऊन आल्यापासून त्या चुलीवर पहिल्यांदा तांबडा रस्सा उकळला. वास गल्लीभर गेला. दोन शेजारणी तर खरं का बघायला दारात येऊन गेल्या. मातीचं गाठोडं सासूबाईंनी उशाजवळ ठेवलं होतं, ते मागवून पाटावर ठेवलं.

मी केळीचं पान मांडलं, भाकरी वाढली, रस्सा वाढला. सासूबाईंनी हातानं चाचपलं आणि म्हणाल्या, "आणि एक पान मांड."

"कुणाला, अत्ती?"

"त्याच्या आईला. पोरगं जेवलं आता, तीबी जेवंल."